तीन वर्षांची पक्की नोकरी

सोमवारी सकाळी कटिंग मास्तरीण आपली कात्री घेऊन शिवणकारखान्याच्या फाटकावर उभी राहिली, तेव्हा पहारेकऱ्याने तिला आत सोडलंच नाही. अशी कुणाची नेमणूकच झालेली नाही, म्हणाला.

तासाभरात ती कामगार अधिकारी बाईंसमोर होती. बाईंनी तिचा फोन पाहिला. मालकाच्या नंबरवरून गुरुवारी आलेला निरोप: 'सोमवारपासून या. कटिंगचं काम, तीन वर्षं पक्कं. जुनी नोकरी आजच सोडा.' खाली तिचं उत्तर, नुसतं अंगठ्याचं चित्र. तेवढ्या भरवशावर तिने एकवीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडलं होतं.

जुनी नोकरी सोडायची एवढी घाई मालकाला का? बाईंना ते खटकलं.

दुपारी त्या कारखान्यात गेल्या. तुमच्या नंबरवरून नोकरीचा निरोप गेलाय, एवढंच त्यांनी सांगितलं. मालकाने शांतपणे उत्तर दिलं, की फोन बुधवारीच चोरीला गेला. चोराने चेष्टा केली असेल.

"तो निरोप तुम्ही पाहिलात?"

"फोनच नाही, तर कुठून पाहणार?"

"त्या बाईंना ओळखता?"

"तोंडही पाहिलेलं नाही." मग तो हसला. "आणि समजा, मीच पाठवला. उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं म्हणजे काय करार झाला?"

बाईंनी जबाब शब्दशः लिहिला. खाली त्याची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही कचेरीत बोलावलं.

"उत्तर काय आलं, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "ते चित्र दोनच फोनवर होतं. एक यांचा. दुसरा तुमचा, जो चोरीला गेलाच नाही."

बाईंनी जुनी फाइल उघडली. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या कारखान्यात आग लागली, तेव्हा मागचं दार कुलूपबंद होतं. ते सांगणारी एकमेव साक्षीदार म्हणजे शेजारच्या कारखान्यात काम करणारी ही मास्तरीण. हा नवा कारखाना त्याचाच, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या साक्षीवरून त्या पहिल्या कारखान्याला टाळं लागलं.

"हिने मला रस्त्यावर आणलं," मालक दातओठ खात म्हणाला. "म्हटलं, हिलाही कळू दे."

"तुमच्या मनात सापळा होता. पण लिहिलंत काम आणि मुदत. यांनी होकार दिला, त्यावर विसंबून नोकरी सोडली. माझ्या लेखी हा करार आहे. कोर्टात गेलात तर हा जबाब तिथे येईल."

मालकाने भरपाईचा विषय काढला. तेव्हा मास्तरीण पहिल्यांदा बोलली.

"भरपाई नको. कामच हवंय. तीन वर्षं, रोज, यांच्या डोळ्यांसमोर."