वरचा, खालची आणि मधला प्रिंटर

बाबांचा स्वभाव उदार. दुसऱ्याची वस्तू न विचारता वाटून टाकण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावर घरांचे नकाशे काढणारा नवा भाडेकरू आला आणि पहिल्याच चहाला त्यांनी लेकीचा प्रिंटर त्याला देऊन टाकला. म्हणजे प्रिंटर खालीच, तिच्या टेबलावर. फक्त घरातल्या नेटवर्कवरून वरच्या कॉम्प्युटरलाही जोडलेला.

लेकीला हे कळलं ते प्रिंटर आपला आपण खडबडून जागा झाला आणि त्यातून कोणाचा तरी जिना बाहेर आला तेव्हा. पाठोपाठ जिन्याचा मालक दारात.

“माझा जिना... तुमच्याकडे आलाय का?”

“आलाय. घेऊन जा.”

तो जिना घेऊन गेला. मेल्याचे डोळे मात्र हसरे होते.

त्या जोडणीला एक खोड होती. एका वेळी प्रिंटर एकालाच मिळे; दुसऱ्याच्या पडद्यावर ओळ येई – ‘दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.’ मग औषधांच्या माहितीपत्रकाचं भाषांतर अर्धवट टाकून ती तरातरा वर जायची.

“सोडा प्रिंटर!”

“अरेच्चा, राहिला वाटतं सोडायचा.”

“रोज?”

“विसराळू आहे हो मी. बसा ना, सोडतो.”

सोडायला एक क्लिक पुरे. त्याला अख्खा चहा लागे.

एकदा ती रागाच्या भरात म्हणाली, “एवढं आहे तर स्वतःचा घ्या की!”

आणि त्याने घेतला की हो! सकाळी खिडकीतून तिने पाहिलं, खांद्यावर खोकं घेऊन तो जिना चढत होता. खोक्यावर प्रिंटरचं चित्र.

झालं. आता वर जायला निमित्त उरलं नाही. तिचं कामात लक्ष लागेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर, हे रोग्याच्या नशिबावर सोडून ती येरझाऱ्या घालू लागली.

दुपारी दार वाजलं. तोच!

“प्रिंटर तुम्ही अडवून बसलाय. मघापासून ‘वापरात आहे’ दाखवतोय.”

तिने सकाळपासून प्रिंटरला बोट लावलं नव्हतं. “हो... मोठं काम चाललंय. वेळ लागेल.”

“थांबतो.”

“तुमचा नवा आहे ना?”

“खोक्यातच आहे.”

“का?”

“तो लावला तर... भांडायला वर कोण येणार?”

ती काही बोलणार तोच आतून बाबा आले, हातात इस्त्रीचा शर्ट. “अगं, प्रिंटरची पिन लावू का परत? सकाळी इस्त्रीसाठी काढली, ती राहिलीच.”

बंद प्रिंटरवर मोठं काम करणारी जमिनीकडे बघू लागली. बंद प्रिंटर ‘वापरात’ बघणारा छताकडे. बाबांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि इस्त्री झालेला शर्ट पुन्हा इस्त्री करायला ते आत निघून गेले.

“मग... खोकं दुकानात परत देऊन येऊ?”

“देऊन ये. आणि...”

“आणि?”

“लवकर ये.”

प्रिंटरची पिन संध्याकाळपर्यंत कोणीच लावली नाही.