फेरमोजणी

"ओ बाई, थांबा! जरा तिथंच थांबा!"

कारखान्याच्या फाटकासमोर, भर रस्त्यात, एक तरुण माणूस भलीमोठी काठी उभी धरून वर बघत होता आणि दुसऱ्या हातानं तिची स्कूटर अडवत होता. तिला आधीच उशीर झालेला. तिनं हॉर्न वाजवला.

"वाजवा, वाजवा," तो मान खाली न करता म्हणाला. "तार काही हॉर्नला घाबरून वर जात नाही."

"मला आत जायचंय. मी इथं काम करते."

"मग तर थांबाच. तुमच्याच टाकीसाठी मोजतोय."

झाली ओळख! त्यात प्रेमात पडण्यासारखं काही नव्हतं, आणि ती पडलीही नाही. उलट ऑफिसात शिरल्या शिरल्या काकांना म्हणाली, "तो बाहेर काठी घेऊन उभाय तो कोण? भारी आगाऊ दिसतो."

"तो आगाऊ माणूस हो म्हणाला तरच आपली टाकी बंदराला जाणार आहे," काका म्हणाले. "तेव्हा जरा गोडीनं घे."

कारखाना काकांचा. रसायनं साठवायच्या पोलादी टाक्या तिथं अख्ख्या एकसंध तयार व्हायच्या. परदेशी जाणारी ही पहिलीच. बावीस मीटर लांब, म्हणजे कंटेनरात मावायचं नावच नको. जहाजाच्या उघड्या डेकवर बांधून जायची होती. पण जहाजाच्या आधी होता बंदरापर्यंतचा त्रेचाळीस किलोमीटरचा रस्ता. त्यावरच्या तारा, कमानी, फांद्या, पूल. ट्रेलरवर चढवलेल्या टाकीची उंची पाच मीटर पस्तीस सेंटिमीटर. ती कुठं अडेल ते आधी मोजून ठेवायचं, हे वाहतूक कंपनीच्या या माणसाचं काम. वेल्डर लोकांनी दोन दिवसांत त्याचं नाव काठीवाला ठेवलं. तिला ते कधीपासून कागदवाली म्हणत, कारण बाहेर जाणाऱ्या मालाचे सगळे कागद तिच्या हातचे.

मोजणीच्या वेळी कारखान्याचं कुणीतरी सोबत लागतं. काकांनी तिलाच धाडलं.

आठ दिवस दोघं सकाळी गर्दीच्या आधी निघायचे. तो काठी लावायचा, आकडा लिहायचा, ती खाली सही करायची. बारीक पाऊस असायचा. ती छत्री धरायची, पण वहीवर. तो खुशाल भिजायचा.

"माणसापेक्षा वही महत्त्वाची का?" त्यानं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"माणूस वाळतो."

"बरं... माणसाला सर्दी झाली तर?"

"तर कंपनी दुसरा पाठवेल."

"पाठवेल की. पण तो तुमची बोलणी ऐकून घेणार नाही."

तिनं तोंड फिरवून हसू दाबलं, आणि छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकवली. थोडीच. त्याच्या आईचा रोज नऊ वाजता फोन यायचा, खाल्लंस का म्हणून. पाचव्या दिवसापासून आई विचारू लागल्या, "आणि ती छत्रीवाली? तिनं खाल्लं का?" म्हणजे पठ्ठ्यानं घरी सांगितलंही होतं! ती लाजून लालेलाल झाली आणि रागावल्याचं सोंग करत एका तारेच्या आकड्याखाली चुकून दोनदा सही करून बसली.

आठव्या दिवशी मोजणी संपली. त्यानं अहवाल दिला, हात जोडले आणि गेला. दुपारभर ती टेबलाशी बसून तोच कागद चाळत राहिली. तिला चैन पडेना. हा माणूस आता दुसऱ्या गावी दुसऱ्या कुणाच्या टाकीसाठी काठी लावणार, आणि तिथली कुणीतरी त्याच्यावर छत्री धरणार... छे! हे काही बरोबर नव्हतं. संध्याकाळी तिनं फोन उचलला आणि ठोकून दिलं.

"ते बाजारापलीकडच्या पादचारी पुलाचं... आकडा नीट वाचता येत नाहीये. परत मोजावं लागेल."



"येतो सकाळी," तो म्हणाला.

आकडा टपोऱ्या अक्षरात होता. पाच बेचाळीस.

सकाळी पुलाखाली त्यानं काठी लावली, आणि त्याचा चेहरा बदलला. पुन्हा लावली. डावीकडे, उजवीकडे, मधोमध.

"पाच तेहेतीस."

"असं कसं?"

त्यानं बुटानं रस्ता घासला. काळाकुळकुळीत, नवाकोरा. पूल मोजल्यानंतरच्या दिवसांत कुणीतरी डांबराचा थर चढवून गेलं होतं. रस्ता वर आला होता, पूल होता तिथंच. टाकी दोन सेंटिमीटरनं अडकणार, आणि जहाज शुक्रवारी सुटणार.

दुपारी काकांच्या खोलीत वाहतूक कंपनीचे साहेब येऊन बसले. दुसरा रस्ता नाही, पुलाला हात लावता येत नाही, पुढचं जहाज दीड महिन्यानं. काका कपाळ धरून बसले. ती टाकीच्या आराखड्याकडे बघत होती. टाकीच्या माथ्यावर तोंड होतं, आत उतरायचं, चांगलं वीतभर वर आलेलं. जास्तीची सगळी उंची त्या तोंडाची.

"काका, हिला कुशीवर वळवली तर? तोंड बाजूला जाईल. रुंदी थोडी वाढेल, पण रुंदीला आपल्याला जागा आहे."

काठीवाल्यानं तिथल्या तिथं हिशोब केला. "पाच वीस. जाते! आरामात जाते."

काकांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी विम्याचा फॉर्म पुढं ओढला. "फेरमोजणीचं कारण लिहावं लागतं. का केलीस रे?"

"पहिला आकडा वाचता येत नव्हता, साहेब," तो म्हणाला.

साहेबांचा पेन थांबला. "म्हणजे वाचता न येणारा आकडा सही करून दिलास? आज नशिबानं वाचलो! आणि तुला टाकी उतरवून घ्यायला तिकडे परदेशी पाठवणार होतो. दोन महिन्यांचं काम. राहू दे, दुसऱ्याला पाठवतो. तू इथंच थांब, कारखान्याची पुढची कामं बघ."



इथंच थांब! तिला हवं होतं तेच, न मागता, आयतं. फक्त मूग गिळून बसायचं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता, आणि त्याच्या नावापुढं साहेब 'निष्काळजी' असं लिहायला लागले होते.

"आकडा वाचता येत होता," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. "मी खोटं बोलले. यांची काही चूक नाही. मला... यांनी परत यावं असं वाटत होतं."

काकांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि बराच विचार करून लिहिलं: 'कारखान्याच्या विनंतीवरून'.

शुक्रवारी टाकी पुलाखालून गेली. कुशीवर वळलेली, सावकाश, माणसाच्या चालीनं. दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते. त्याचं सोमवारचं तिकीट झालं होतं. दोन महिने.

"एक सांगू?" तो म्हणाला. "माझं अक्षर मला ठाऊक आहे. फोनवरच कळलं होतं, थाप आहे म्हणून."

तिनं गर्रकन वळून पाहिलं. "मग साहेबांपुढं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्हाला तोंडघशी पाडू? आणि इथंच थांब म्हणाले ना ते... मी मनातल्या मनात उडीच मारली होती. तेवढ्यात तुम्ही खरं बोलून सगळं घालवलंत!"

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते तिनं लपवलं नाही.

"जायच्या आधी काकांना भेटायचंय," तो म्हणाला.

"रोज तर भेटता."

"ते कारखान्यातले काका. मी घरातल्या काकांना म्हणतोय. आणि... तुमच्या आईबाबांना."

टाकी वळणावर दिसेनाशी झाली. मागची वाहनं एकदम हॉर्न वाजवू लागली. त्यानं हळूच तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला.

"रविवारी या," ती म्हणाली. "आईंना घेऊन या. आणि मी हो म्हणणार आहे, हे त्यांना आत्ताच सांगून टाका. उगाच दोन दिवस जिवाला घोर नको."