दहा मिनिटांचं काम

मालवण बंदरावरच्या आपल्या छोट्याशा दुकानात संचिता एका होडीचं फिशफाइंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र, उघडून बसली होती. तेवढ्यात दारात माणसाएवढी लांब काळी पिशवी आडवी झाली आणि तिच्यामागून एक घामेजलेला, हसरा चेहरा डोकावला.

"ह्यां काय हाडलंस? कोणाचां मयत तर नाय मा?" संचिताने विचारलं.

"मयतच समज. आवाज गेलो हा ह्याचो."

त्याचं नाव प्रितेश. घर कुडाळजवळ, काजूच्या बागवाल्यांचं. पण पठ्ठ्याला बागेपेक्षा वाजवण्याचं वेड! सीझनभर तारकर्लीच्या एका रिसॉर्टवर बँडमध्ये वाजवायचा. पिशवीतून निघाला इलेक्ट्रिक डबल बास. उभ्याने वाजवायचा, चार जाड तारांचा, नुसता दांडाच.

"पोट खंय ह्याचां?"

"पोटच नाय गो. तारांच्या घोडीखाली पिझो आसा, तोच तारांची थरथर पकडता. पण स्पीकरातून आवाज येता तो... डबो बडवल्यासारखो. लोक सांगतत, बंदरार एक बाई आसा, मेलेली यंत्रां उठवता."

"बाई?"

"चेडू, चेडू... चुकलंय!"

संचिताला हसू आवरेना. पिझो तिच्या रोजच्या ओळखीचा. मासे शोधायला होडीच्या बुडाशी जो गोळा लावतात, त्यातही तसलाच खडा असतो. त्या खड्याची वीज भारी नाजूक. ती सरळ आवाजाच्या मिक्सरमध्ये सोडली की मिक्सर तिला दाबून टाकतो आणि खर्ज वाटेतच मरतो. मध्ये एक बफर सर्किट बसवलं, की झालं. काम दहा मिनिटांचं.

"पार्ट कुडाळाहून येवचो आसा. परवा ये," ती म्हणाली.

पार्ट तिच्या टेबलाच्या खणात होता. गिऱ्हाइकाला दोन खेपा घालायला लावणं ही दुरुस्तीवाल्यांची जुनी खोड. कामाला वजन येतं म्हणे! संचिताला वजन नको होतं. त्याने पुन्हा यावं, एवढंच हवं होतं.

आणि तो आला की! परवा आला, तेरवा आला, आणि पार्ट दर वेळी 'उद्या' येणार असायचा. कधी ओले काजूगर घेऊन, कधी नुसताच, "वाटेर होतंय" म्हणत. तारकर्लीहून मुद्दाम यायचं, आणि म्हणे वाटेवर! तो सूर धरायचा, ती घोडीखालचा पिझो केसभर सरकवायची, मग कधीतरी दोघांची बोटं एकाच तारेवर यायची... आणि दोघंही अगदी शहाण्यासारखी पिझोकडे बघत बसायची. बाहेर जाळं सांधत बसणारे शेजारचे भाई उगाच खाकरायचे.

गुरुवारी तो घाईघाईने आला.

"शनिवारी पणजेक माका आयकूक बोलावल्यानी हा. जहाजावरचो बँड! पसंत पडलंय तर वर्सभर दर्यार. तुझो पार्ट उद्या तरी गावतलो मा गो?"

वर्षभर! खण हाताच्या अंतरावर होता. उघडायचा, बस्स...

"नाय रे... कुडाळवाल्याकडे संपलो," तिच्या तोंडून निघून गेलं.

अगं वेडे, अगं काय बोललीस तू! पण बाण सुटला होता. प्रितेश "असांदे" म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून निघाला. शुक्रवारी दिवसभर तिने तीनदा फोन हातात घेतला, तीनदा खाली ठेवला.

सोमवारी तो बास घेऊन आला. हसत होता, पण डोळे सुजलेले.

"नाय घेतल्यानी. खर्जच आयकाक येना नाय म्हणाले. तुझी चूक नाय गो, पार्टच नाय तर तू काय करतलंस?" तो स्टुलावर बसला, जरा घुटमळला. "आणि खरां सांगू? बरां झालां. आता हयच रवतंय. रोज तुझ्या समोर... चलात तुका?"

हवं ते सगळं पदरात पडलं होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला कधी पत्ताही लागला नसता. पण ते "तुझी चूक नाय" तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. ते गिळून याच्याशी जन्मभर बोलायचं कसं?

तिने खण ओढला. पार्ट काढला, सोल्डरचा डाग दिला, वायर दुकानातल्या स्पीकरला जोडली. तो बघत होता.

"वाजव," ती म्हणाली.

त्याने सगळ्यांत खालची तार छेडली. खर्ज असा भरून आला की टेबलावरचे स्क्रू थरथरले आणि भाईंचा हात जाळ्यावरच थांबला. प्रितेशचा चेहरा उजळला. पुन्हा छेडली, डोळे मिटून ऐकली. मग डोळे उघडले, आणि त्याची नजर उघड्या खणावर गेली.

"कधीपासून होता हा?" त्याने विचारलं. मालवणी सोडून, कचेरीत बोलतात तशा मराठीत.

"पयल्या दिवसापासून." तिचा आवाज फुटला. "माका तू आवडतंस रे. पयल्यांदा तू परत येशीत म्हणान खोटां बोललंय... मगे तू जाव नये म्हणान."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने सावकाश वायर गुंडाळली, बास पिशवीत घातला, चेन लावली. ती दारापर्यंत मागोमाग गेली.

"रव रे... प्रितेश, रव!"

तो थांबला. वळला.

"गेलो असतंय, संचिता. आणि परत इलो असतंय." त्याचेही डोळे भरले होते. "तुमच्या हयले बाप्ये रोज दर्यात जातत. तेंका कोण बांधून ठेवता? तेवढो भरवसो माझ्यार ठेवूक जमलो नाय तुका?"

पिशवी रिक्षात मावेना. ती मांडीवर आडवी घेऊन तो बसला, आणि रिक्षा तारकर्लीच्या वाटेला लागली.

संचिताचे वडील चाळीस वर्षं दर्यात जात होते. तिच्या आईने एकदाही त्यांच्या होडीच्या इंजिनाची चावी लपवली नव्हती.