मुक्या दिवसांतली घंटा

२०१३ साल. गुड फ्रायडेची दुपार.

आजऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी एक जुनं चर्च आहे. तिथं घडलेली ही गोष्ट. खोटी वाटली, तर रुजायआक्काच्या घरी जाऊन यावं.

तिथली घंटा गोव्याहून इथं येऊन वसलेल्या बार्देस्कर ख्रिस्त्यांच्या पूर्वजांनी बैलगाडीत घालून आंबोलीचा घाट चढवून आणलेली. गुड फ्रायडेच्या आठवड्यात येशूच्या मरणाचा दुखवटा म्हणून गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ती मुकी ठेवायची, ही तेव्हापासूनची रीत. दोरी वर बांधून टाकतात. लोकांना बोलवायला लाकडी टाळी वाजवतात... खट्, खट्, खट्.

रुजायआक्काच्या नवऱ्यानं ती घंटा जन्मभर वाजवली. त्याच्यामागं तिच्या एकुलत्या एका मुलानं, इनासनं. त्याला दोरी ओढायचा कंटाळा. त्यानं मोटर बसवायला गडहिंग्लजचा वायरमन आकाराम बोलावला. आकारामला सवड मिळाली ती नेमकी त्या गुड फ्रायडेला.

"बटण दाबून बघू काय?" चर्चमध्ये मोटर बसवून झाल्यावर आकारामनं विचारलं.

"आज न्हाय," आक्का म्हणाली. "हे दिवस तिच्या बोलण्याचे न्हाईत. इनास, ऐक माझं."

"माय, तू घरला जा, पेज शिजव. बाबानं दोरी ओढत आयुष्य घालवलं, मी न्हाय घालवणार."

त्यानं बटण दाबलं.

एकच ठोका.

तो घुमला नाही... मधेच कापल्यासारखा थांबला.

मग बाहेर टाळी वाजली.

खट्, खट्, खट्...

टाळी तर आक्काच्या डोळ्यांसमोर खुंटीला होती.

आवाज भिंतीला धरून पुढं सरकत आला. दाराशी थांबला.

"उघडू नको," आक्का पुटपुटली.

इनासनं दार ढकललं. "कोण हाय रं? चेष्टा करतोस व्हय? थांब, तुझं..."

वाक्य तिथंच तुटलं.

बाहेर कुणी नव्हतं. इनास वळला. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या.

आवाज नव्हता.

शनिवारी रात्री रिवाजाप्रमाणे घंटा वाजली. येशू पुन्हा उठला म्हणून सगळे आनंदानं गात होते. आक्का मात्र बाकाला धरून उभी राहिली.

प्रत्येक ठोक्यात तिला इनास ऐकू येत होता... "माय... माय..."

आकारामनं मजुरी घेतली नाही, पुन्हा त्या रस्त्यालाही लागला नाही. फादरांनी मोटर काढली. पुढं त्यांची बदली झाली. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दोष नाही. इनास काजूच्या कारखान्यात जातो, मुकाट्यानं काम करतो.

घंटा आता आक्का वाजवते. हात सोलले तरी दोरी दुसऱ्याला देत नाही. लेकाचा आवाज तिला दुसरीकडं कुठं ऐकायला मिळत नाही.

फक्त अलीकडं, ती म्हणते, तो आवाज हाक मारत नाही...

विनवणी करतो... "माय, सोड मला."