उजवी टाच

मी बूट शिवतो. चाळीस वर्षं तेच करतोय, त्यामुळे माणसाचा चेहरा एक वेळ विसरेन, पाय विसरत नाही. देवाधर्माचं मला फारसं वेड नाही. तरी ऐन थंडीत डोंगरातल्या त्या देवळापर्यंतची बावीस दिवसांची वाट चालायला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "या वयात हे काय खूळ?" माझ्या पिशवीत बुटांचा एक नवा कोरा जोड होता आणि तो तिने पाहिला होता.

जोड धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा. त्याचा डावा पाय जन्मापासून अर्धा इंच आखूड. म्हणून त्याच्या डाव्या बुटाची टाच मी अर्धा इंच चढवायचो. मागच्या थंडीत आईचं ऑपरेशन ठरलं आणि हा नवस बोलून बसला, की पायी जाऊन येतो. मी त्याला वेड्यात काढलं. चांगलंच वाजलं आमचं. तरी बर्फात घालायला बूट मीच शिवणार, दुसरं कोण? त्याचे पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, आखूड पायावर फुली केली, आणि रागाच्या भरात तो कागद भिंतीवर उलटा टांगला. तेलकट, पातळ कागद, आरपार दिसणारा. कागदाकडे बघत बघत मी टाच चढवली ती उजव्या बुटाची.

तो सकाळी आला, नवे बूट पिशवीत कोंबले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता जुन्या बुटांवर निघाला. नवे घातले असतील बर्फ लागल्यावरच. तिथून मागे फिरायलाही दहा-बारा दिवस. मुळात अर्ध्या इंचाचा फरक, त्यात माझी अर्ध्या इंचाची भर. शेवटच्या खिंडीखाली नुसती त्याची काठी सापडली.

आई वाचली. "माझ्यापायी गेला," एवढंच घोकत बसते. मला माझी चूक कळली ती गेल्या महिन्यात, भिंतीवरून कागद उतरवताना. कोणालाही सांगितली नाही. नवा जोड शिवला, दहा वेळा ताडून बघत. तो देवळाच्या पायरीवर ठेवायचा आणि मग आईला खरं सांगायचं, असं ठरवलं. त्याआधी सांगायची छाती नव्हती, हे कबूल करतो.

बाराव्या दिवशी बर्फ सुरू झालं. त्या मुक्कामाची धर्मशाळा सांभाळणाऱ्या मावशींनी माझ्यासमोर सूप ठेवलं, शेजारी दुसरा वाडगा ठेवला.

"मी एकटाच आहे, मावशी."

"असं? मग मघाशी लंगडत पुढे गेले ते तुमच्यातले नव्हेत होय? मला वाटलं, चेहरेपट्टी सारखी."

वाटेवर लंगडणाऱ्यांना काय तोटा, असं मी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत पावलं दिसली. डावं पाऊल फरपटलेलं, उजवी टाच खोल रुतलेली. मी वाकून पाहिलं. टाचेत पाच खिळे, चारांच्या मधोमध एक. असे मी ठोकतो. पण या वाटेवर माझा बूट एकच गेला असेल कशावरून? गिऱ्हाइकं काय कमी आहेत माझी? असं म्हणत मी चालत राहिलो. बर्फ सारखं पडत होतं, माझी स्वतःची पावलं मागे वळून बघेपर्यंत बुजत होती. पुढची ती बुजत नव्हती.

सहा दिवस मी त्या पावलांमागून चाललो. माणूस दिसला नाही. वाटेत जिथे तो बसला असेल तिथे मीही बसलो, आणि एकदा न राहवून रडलोही.

खिंडीखालच्या शेवटच्या धर्मशाळेत तिन्हीसांजेला पोचलो. दाराशी पावलं संपली होती. आत फक्त राखणदार म्हातारा आणि पेटलेली शेगडी.

"बूट शेगडीपाशी ठेवा," तो म्हणाला. "दोघांचेही."

मी माझे काढून ठेवले. जरा थांबून पिशवीतला नवा जोडही काढला आणि शेजारी ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

सकाळी उठलो. शेगडीपाशी दोन जोड होते.

एक माझा.

दुसरा जुना, भिजून काळा पडलेला. उजवी टाच अर्धा इंच उंच. मी आत हात घातला. चामडं उबदार होतं.

शेगडी केव्हाच विझली होती.

दार उघडलं. पावलं देवळाकडे गेली नव्हती, उतारावरून घराकडे गेली होती. दोन्ही टाचा सारख्याच रुतलेल्या.

राखणदाराच्या खोलीत फोन होता. आता सांगून टाकायचंच, म्हणून घरी लावला. आईनेच उचलला.

"आई, धाकट्याच्या बुटांचं तुला काही सांगायचंय. माझ्याकडून..."

"कळलं मला. कागद उलटा लावलास ना?" कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज मोकळा होता. "मनाला लावून घेऊ नकोस, दादा. आता नीट बसतायत म्हणतो."

आमचं घर तिथून अठरा दिवसांच्या चालीवर.

फोनमध्ये, तिच्या मागे, लाकडी जमिनीवर कोणीतरी या खोलीतून त्या खोलीत जात होतं. नवं चामडं करकरत होतं. माझ्या हातचं काम मी आवाजावरून ओळखतो. दोन्ही पावलं सारखी पडत होती.