एका हाकेला ओ

सुनंदाबाई पुन्हा "ओ" म्हणाल्या. घरात कुणीही हाक मारली नव्हती.

फौजदार चारुलता ओसरीवर त्यांच्यासमोर बसली. तीन दिवसांपूर्वी, चोपड्याजवळच्या या गावात, सुनंदाबाईंची सून मोहिनी केळीच्या बागेत मेलेली सापडली होती. घोट्यावर दोन टोचे. साप चावला, असं गाव म्हणालं. साप गावाला सोयीचा. त्याचा जबाब घ्यावा लागत नाही.

पण लग्नाला तीनच वर्षं झालेली. सात वर्षांच्या आत सून अशी गेली, की कायदा आधी सासरकडे बघतो. शवविच्छेदनात घोट्याला सूज नव्हती, विषाची खूण नव्हती. कमरेवर मात्र सुईचा तिसरा टोचा होता. माहेरच्यांनी सासूकडे बोट दाखवलं. संध्याकाळी सुनंदाबाईंना अटक करायची, असा वरून निरोप होता.

"त्या दुपारी काय झालं, अक्का?"

"तिले ताप व्हता. माले डोया लागना. जाग उनी ते ती घरमा नही. मंग बागमातीन तिनी हाक उनी. 'आत्या.' एकच."

"तुम्ही गेला नाहीत?"

"दुपारले बागमातली एक हाकले ओ देवानी नही, ताई. माणूस तीन हाका मारस. एक हाक भूत मारस." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आते रोज ओ देस."

"कुठल्या बाजूने आली?"

"दवाखानाकडथीन."

बागेच्या कडेला भूपेंद्र डॉक्टरचा दवाखाना होता. तीन वर्षांपूर्वी तो शहरातून आला. डॉक्टर ही पदवी त्याला गावाने दिलेली. दुसरी कुणी दिल्याचं भिंतीवर दिसत नव्हतं.

"मोहिनी त्या दुपारी आली होती?"

"नाही, मॅडम."

"हाक ऐकलीत?"

"खिडकी उघडी होती. काही ऐकलं नाही."

"बागेत गेला होतात?"

"मी केळीला आजवर हात लावलेला नाही."

मागे दोरीवर त्याचा पांढरा शर्ट वाळत होता. उजव्या बाहीवर काळपट डाग होते, डावी बाही स्वच्छ.

"हे डाग?"

"औषधाचे."

चारुलता सावद्याच्या केळीवाल्यांची लेक. तिने शर्ट काढून घेतला आणि भूपेंद्रला सुनंदाबाईंच्या ओसरीवर आणवलं.

"हा केळीचा चीक," ती म्हणाली. "पडताना पाण्यासारखा दिसतो. काळा होतो वाळल्यावर, मग कापड फाटेपर्यंत जात नाही. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, यालाच ठाऊक नव्हतं. डाव्या खांद्यावर ओझं होतं, म्हणून पानं उजव्या हाताने सारली आणि मोडलेल्या देठांचा चीक त्याच बाहीवर गळला. गावात सुई देणारा हा एकटाच. सुई लागताच मोहिनी कोसळली. पदवी नाही, म्हणजे तुरुंग ठरलेला. म्हणून याने तिला बागेत टाकलं आणि घोट्यावर सुईने सापाच्या दातांसारखे दोन टोचे मारले."

भूपेंद्र खाली बसला. "नाडी लागत नव्हती, मॅडम. ती गेली असंच वाटलं मला."

"मंग हाक कोनी?" सुनंदाबाईंनी विचारलं.

चारुलताला त्या क्षणी खोटं बोलावंसं वाटलं. पण ते जमलं नाही.

"तिचीच, अक्का. तिला शुद्ध आली होती."

"मी जाती ते वाचती?"

"कदाचित."

सुनंदाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. "माले बेड्या टाका, ताई."

"कायद्यात याला कलम नाही, अक्का."

हवालदार भूपेंद्रला घेऊन गेले. सुनंदाबाईंनी हात मागे घेतले नाहीत.