लहरपेटीतला दिवा

टिकोजी म्हणत होता, दोन्ही आवाज एकच आहेत. मामाआजोबा म्हणत होते, अजिबात एक नाहीत. टिकोजीला खोटं बोलता येत नाही आणि मामाआजोबा खोटं बोलत नाहीत, त्यामुळे माझी चांगलीच पंचाईत झाली होती. शिवाय याचा निकाल लागल्याशिवाय आजी जेवायला उठणार नव्हती, आणि स्वयंपाकघरात भाकऱ्या गार होत होत्या.

टिकोजी हा आजीचा यंत्रमानव. माझ्या कमरेइतका उंच, चाकांवर फिरणारा आणि भयंकर तिखट कानांचा. शेजाऱ्यांच्या फ्रीजची गुणगुण ऐकून तो कधी बंद पडणार हे तो आधीच सांगून ठेवतो, म्हणून शेजारी त्याच्यावर जरा रागावूनच असतात. आजीनं सगळं आयुष्य रेडिओ दुर्बिणीवर (ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारं यंत्र) काम केलं आणि निवृत्त झाल्यावर ती कोल्हापूरला परत आली. मामाआजोबा म्हणजे तिचे थोरले भाऊ, जयसिंगदादा. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांच्या जुन्या फोटोत त्यांची कॉलर इतकी मोठी आहे की ते वाऱ्यानं उडून जातील असं वाटतं.

वाद होता त्यांच्या लहरपेटीचा. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पायानं दाबायची लोखंडी पेटी; गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. आत साधा सूर शिरतो आणि बाहेर येतो तो डुलत डुलत, पाण्याखालून आल्यासारखा. मामाआजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवली. स्वतः बांधलेली चाल एकच, रंकाळा तलावाच्या काठावर बसून सुचलेली. ती पेटीशिवाय वाजवली तर नुसते सूर ऐकू येतात, रंकाळा दिसत नाही. येत्या रविवारी शहरातल्या जुन्या वादकांचा कार्यक्रम होता आणि त्यात त्यांना तीच चाल वाजवायची होती.

पण पेटीच्या आतला इवलासा दिवा आता काळवंडला होता. तो कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि तसला दिवा हल्ली कुठेच बनत नाही. दिवा गेला की पेटी गेली, आणि पेटीबरोबर त्यांची एकुलती एक चालही.

म्हणून आजीनं ठरवलं होतं की पेटीची हुबेहूब नक्कल प्रोसेसरमध्ये (आकड्यांचे हिशेब अतिशय भराभर करणारी चिप) उतरवायची. ती चिप चिंचोक्याएवढी होती.

"पण आवाज चिंचोक्यात कसा शिरणार?" मी विचारलं होतं.

"आकडे होऊन," आजी म्हणाली. "आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. गिटारमध्ये त्याची वीज होते. ती वीज या क्षणी किती आहे, हे सेकंदाला हजारो वेळा मोजायचं. प्रत्येक मोजणी म्हणजे एक नमुना. त्या आकड्यांवर हिशेब करायचा आणि त्यांचा पुन्हा आवाज करायचा."

"आणि डुलणं?"

"त्यासाठी तुला झोपाळ्यावर बसवते. झोपाळा पुढे निघाला की मी मागून ढकललं, तर?"

"आणखी उंच जाईन."

"आणि तू मागे येत असतानाच ढकललं, तर?"

"थांबेन. आणि चिडेन."

"लहरींचं तसंच असतं, चिडणं सोडून. दोन लहरी एकदमच वर गेल्या तर आवाज वाढतो. एक वर जाताना दुसरी खाली आली, तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. लहर आपल्या वरखाली होण्याच्या फेरीत नेमकी कुठे पोचली आहे, त्या जागेला फेज म्हणतात. ही पेटी आवाजाचे दोन भाग करते. एक सरळ जातो. दुसऱ्याला चार दारांतून जावं लागतं आणि प्रत्येक दारात त्याची फेज थोडी सरकते. मग दोघं पुन्हा भेटतात. काही सूर वाढतात, काही पुसले जातात."

दार फेज किती सरकवणार हे ठरवायला प्रत्येक दारात एक प्रकाशरोधक बसवलेला होता (उजेड पडला की वीज सहज जाऊ देणारा आणि अंधारात ती अडवणारा तुकडा). चौघांच्या मधोमध तो दिवा. दिवा सारखा मंद होतो, तेज होतो, पुन्हा मंद होतो. त्यामुळे पुसले जाणारे सूर खालून वर आणि वरून खाली सरकत राहतात, आणि आपल्याला वाटतं आवाज डुलतोय. मला हे इतकं आवडलं की मी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आजी मूळची फार चौकस. तिनं पेटी खिडकीशी भरपूर उजेडात ठेवली, झाकण काढलं, दिव्याची चमक मोजायला टिकोजीचा डोळा त्यावर रोखला आणि पेटीतून तऱ्हेतऱ्हेचे सूर सोडून सगळं मोजून घेतलं. मोजमाप चिपमध्ये भरलं. टिकोजीनं चिपचा आवाज मोजमापाशी ताडून पाहिला आणि जाहीर केलं, "फरक नाही."

मग मामाआजोबांनी गिटार जोडली. आधी झाकण लावून पेटीतून वाजवलं, मग चिपमधून. दोनच ओळी वाजवून त्यांनी हात थांबवला.

"शैला, ह्यो त्यो आवाज न्हवं."

"दादा, टिकोजी सांगतोय ना, फरक नाही म्हणून."

"त्याला सांगू दे. माझी पेटी झुलतीया. तुझी ही चिप नुसती हलतीया. पाणी कसं, चटकन चढतंय आणि सावकाश उतरतंय. हितं उतारच गावंना मला."

"उतार बितार काही नाही. आकडे जुळलेत. खरं सांगू? तुझा कान म्हातारा झालाय आता."

आजीच्या तोंडून ते निघून गेलं. मामाआजोबांनी गिटारची वायर काढली, नीट गुंडाळली आणि गिटार खोक्यात ठेवली.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "रविवारी मी वाजवत न्हाई. सांगतो त्यांना." आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

मला आजीचा रागच आला. भाकऱ्यांची कुणालाच आठवण नव्हती. आजी पेटीचं झाकण पुन्हा काढून हिशेब तपासायला आत गेली, टिकोजी पेटीतून तपासणीचा एक लांबलचक सूर सोडत बसला, आणि मी उगाचच त्या दिव्याकडे बघायला पेटीवर वाकले.

सूर बदलला.

मी सरळ उभी राहिले. सूर पुन्हा पहिल्यासारखा झाला. पुन्हा वाकले, आवाज खोल गेला, चटकन वर आला आणि सावकाश, अगदी सावकाश खाली उतरला. उतार! मामाआजोबांचा उतार! मी वाकले की माझ्या डोक्याची सावली पेटीत पडत होती. मी स्वयंपाकघरात धावले, परात आणली आणि पेटीवर पालथी घातली. सूर असा झुलायला लागला की माझ्या अंगावर काटा आला.

"आजी! आजी, पेटीला ऊन लागतंय!"

आजी बाहेर आली. तिनं परात उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग कपाळाला हात लावला.

"खिडकीचा उजेड," ती म्हणाली. "दिवा मंदावतो तेव्हा आत अंधार व्हायला हवा. पण प्रकाशरोधकांवर खिडकीतला उजेड पडतच होता. त्यांना खरा अंधार मिळालाच नाही. दिव्यातली तार चटकन तापते आणि सावकाश निवते, तोच दादाचा उतार. आणि नेमका तोच भाग या उजेडानं धुऊन टाकला."

"पण टिकोजी तर म्हणाला, फरक नाही?"

"आपण उघड्या पेटीचे आकडे मोजले, चिपही उघड्या पेटीची केली," टिकोजी म्हणाला. "त्या दोघांत फरक नाही. बंद पेटीबद्दल मला कुणी विचारलं नाही."

आजीला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. "आयुष्यभर मी ताऱ्यांच्या पोटात काय चाललंय ते शोधलं," ती म्हणाली. "कधी एखाद्या ताऱ्याचं झाकण उघडायला गेले का? बाहेर जे येतं त्यावरूनच ओळखलं. आणि ही एवढीशी पेटी मिळाली तर आधी झाकण काढलं."

ती व्हरांड्यात गेली. मीही मागोमाग गेले.

"दादा, तुझा कान बरोबर होता. चूक माझी होती आणि वर मी तुला बोलले. मला फार वाईट वाटतंय."

मामाआजोबांनी रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. "बोललीस तवा लागलं मला," ते म्हणाले. "बरं, आता?"

"पुन्हा मोजायला हवं, झाकण लावून. पण दिवा बराच वेळ जळत ठेवावा लागेल. तेवढ्यात तो जाऊही शकतो. नाही मोजलं तर रविवारी एकदा वाजवण्यापुरता तो कदाचित टिकेल. तू सांगशील तसं करू."

हा सगळ्यात अवघड प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुठल्याच चिपमध्ये नव्हतं. एकदा वाजवायचं, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या पेटीतून. की दिवा पणाला लावून त्याच बहिणीवर विश्वास ठेवायचा, जिची आत्ताच चूक झाली होती? मामाआजोबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"लाव झाकण," ते म्हणाले.

झाकण लागलं. टिकोजीनं आधी सावकाश डुलणं मोजलं, मग जरा जलद, मग आणखी जलद. मामाआजोबांनी एक हात पेटीवर ठेवला होता. सूर झुलत होता, चढत होता, उतरत होता. आणि मध्येच तो झुलायचा थांबला. नुसता सरळ सूर राहिला.

"दिवा गेला," टिकोजी हळूच म्हणाला. "सगळ्यात जलद डुलण्याचं मोजमाप राहिलं."

मला रडू आलं. मामाआजोबांनी हात काढला नाही. मी आजीला म्हणाले, "आता अर्धवटच राहणार ना सगळं?"

"नाही," आजी म्हणाली. "आपण पेटीचं नुसतं रेकॉर्डिंग केलं असतं, तर जेवढं ऐकलं तेवढंच हाती राहिलं असतं. पण आपण नियम शोधतोय. तार किती वेळात तापते, किती वेळात निवते, अंधारात प्रकाशरोधक किती रेंगाळतात, हे तीन नियम कळले. आता जे मोजलं नाही तेही हिशेबानं काढता येईल. ज्याला आपण प्रतिकृती म्हणतो (खऱ्या वस्तूच्या नियमांवर चालणारी हिशेबातली वस्तू), ती याच्यासाठीच करायची."

ऊन उतरेपर्यंत ती आणि टिकोजी हिशेब करत बसले. मी भाकऱ्या तव्यावर पुन्हा गरम केल्या आणि मामाआजोबांना नेऊन दिल्या. त्यांनी अर्धी खाल्ली.

मग आजीनं चिप बसवलेली डबी पुढे केली. मामाआजोबांनी गिटार खोक्यातून काढली, वायर जोडली आणि पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली. थांबले नाहीत. चाल पुढे गेली आणि सूर चटकन चढून सावकाश उतरायला लागले. मला खरंच रंकाळ्याचं पाणी दिसलं, पायरीला येऊन लागणारं आणि मागं सरणारं. आजी तोंडावर पदर धरून रडत होती. टिकोजीनं काहीही जाहीर केलं नाही.

चाल संपली तेव्हा मामाआजोबा म्हणाले, "शैला, ह्योच त्यो." मग चिपच्या डबीवरच्या एका गोल बटणाकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि ह्ये कशाला?"

"ते मी आपलं गंमत म्हणून ठेवलंय," आजी म्हणाली. "दिव्याची तार निवायला किती वेळ लागावा, ते त्यावर ठरतं. खरी तार एवढ्यावर थांबते. पण हिशेबातल्या तारेला कोण अडवणार? असा दिवा कुणी कधी बनवलाच नाही."

मामाआजोबांनी बटण हलकेच फिरवलं आणि गिटारची एक तार छेडली. सूर चढला आणि उतरायला लागला, आणि उतरतच राहिला, इतका सावकाश की तो संपला कधी हे मला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा एक सूर छेडला. मग त्याच्या पुढचा. मग जरा थांबून त्याच्याही पुढचा, जो मी कधीच ऐकला नव्हता.

"ही कुठली चाल?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "आताच याय लागलीया. थांब जरा, बोलू नगंस."